रोमान्स आणि कोझी मिस्ट्री सुचवताना: आधी विचारा, मग नाव घ्या

आमच्या पुस्तक भिशीत दर महिन्याला कुणीतरी विचारतंच, "काहीतरी हलकंफुलकं सुचवा ना," आणि पुढच्या पाच मिनिटांत ग्रुपवर पंधरा नावं येऊन पडतात. विचारणारीला उलट एक प्रश्न कुणी विचारत नाही. मीही त्यातलीच. एका मैत्रिणीचे वडील आयसीयूत होते, ती दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून असायची, तिला मी 'इट एंड्स विथ अस' दिलं. स्वतः वाचलेलं नव्हतं. कव्हरवर फुलं, हिरॉइनचं फुलांचं दुकान, दुकानात रोमान्सच्या टेबलावर ठेवलेलं, म्हटलं झालं काम. निघालं घरातल्या मारहाणीवरचं पुस्तक. दुसऱ्या दिवशी तिचा एका ओळीचा मेसेज, "तू हे वाचलंयस का गं?"

त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती इथे लिहितेय. पायऱ्यांचा क्रम बदलू नका, कारण बहुतेक घोळ क्रम उलटा झाल्यानेच होतो, म्हणजे नाव आधी आणि चौकशी नंतर.

पायरी १: पुस्तकाने काय शब्द दिलाय ते ओळखा

या दोन्ही प्रकारांत लेखक वाचकाला आधीच शब्द देऊन बसलेला असतो.

रोमान्सचा शब्द असा की प्रेमाची गोष्ट हीच मुख्य गोष्ट, बाकी सगळं तिच्या आजूबाजूला, आणि शेवट गोड किंवा निदान आशेचा. दोन्ही पाहिजे. म्हणून 'लव्ह स्टोरी' (१९७०) ही प्रेमकथा आहे पण रोमान्स नाही, मुलगी गेली हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय. निकोलस स्पार्क्सचंही तसंच, तो माणूस स्वतःच म्हणतो की मी लव्ह स्टोऱ्या लिहितो, रोमान्स नाही. रडायचं असेल तर जरूर द्या, पण "रोमान्स आहे" म्हणून देऊ नका.

कोझी मिस्ट्रीचा शब्द वेगळा. खून होतो, पण बहुधा पानाबाहेर. रक्तामांसाचं वर्णन नाही, बेडरूमचं दार बंद. शोध लावणारी व्यक्ती बऱ्याचदा पोलीस नसते, बेकरीवाली असते, लायब्ररीवाली असते, रिटायर झालेली आजी असते. गाव छोटं, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि शेवटी गुन्हेगार सापडून घडी परत बसते. अमेरिकेत मॅलिस डोमेस्टिक नावाचं संमेलन भरतं, तिथे १९८९ पासून अगाथा पुरस्कार देतात, त्यांची अटही साधारण हीच आहे, उघड शरीरसंबंध नको, अति रक्तपात नको, उगाचची हिंसा नको. मी तीच चाळणी वापरते.

इथे एक चूक जवळपास सगळे करतात, अगाथा ख्रिस्ती म्हणजे कोझी असं धरून चालतात. तिची ती म्हातारी शोधक मिस मार्पल, ती हो, खेडं, विणकाम, चहा सगळं आहे. पण 'अँड देन देअर वेअर नन' (१९३९) उघडा, एका बेटावर दहा माणसं अडकलीत आणि एकेक जातोय. ते वाचून कुणाला रात्री झोप लागली नाही तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

थांबा: हल्ली रोमान्सच्या कव्हरवर गोडगोड कार्टून असतात, फिकट गुलाबी नाहीतर निळं बॅकग्राउंड, दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उभी. ते बघून आईवडील तेरा वर्षांच्या मुलीला पुस्तक घेऊन देतात. 'आइसब्रेकर'चं कव्हर तसंच आहे आणि आतले सीन चांगले खुल्लमखुल्ला आहेत. मोठ्यांसाठी काहीच अडचण नाही, पण कव्हर म्हणजे सेन्सॉर सर्टिफिकेट नव्हे.

पायरी २: स्वतः वाचा, आणि वाचताना कार्ड भरा

न वाचलेलं पुस्तक सुचवायचं नाही. एवढा एक नियम पाळलात तरी अर्धा लेख वाचल्यासारखं आहे. पण नुसतं वाचूनही भागत नाही, कारण दोन महिन्यांनी आपल्याला फक्त "मस्त होतं" एवढंच आठवतं. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिते, तुम्ही फोनमध्ये लिहा. पुस्तक संपलं की त्याच दिवशी हे टिपायचं:

१. दार बंद की उघडं. रोमान्समधला हा पहिला प्रश्न. बंद म्हणजे जोडी खोलीत गेली आणि पुढचं प्रकरण सकाळचं सुरू झालं. उघडं असेल तर किती, एखादा सीन की दर तिसऱ्या प्रकरणात.

२. कोण मरतं आणि कसं. लहान मूल मरतं का? कुत्रं-मांजर मरतं का? हसू नका, माणसं पटापट मेलेली चालतात पण कुत्रं मेलं की पुस्तक फेकून देणारे किमान तीन लोक मी ओळखते.

३. जड विषय. आजारपण, गर्भपात, मारहाण, आत्महत्या, डिमेन्शिया. एका शब्दात लिहा.

४. गती. पहिल्या पन्नास पानांत काय घडतं?

५. इंग्रजी किती अवघड. यावर कुणी बोलत नाही आणि नंतर पुस्तक पडून राहतं. ब्रिटिश विनोद, अमेरिकन कॉलेजची भाषा, दीडशे वर्षांपूर्वीच्या सरदारांच्या पदव्या, वाचणाऱ्याला ते पेलणार का हे आधी बघायचं.

कोझीत मागे रेसिपी असली तर तेही लिहा, बऱ्याच अमेरिकन कोझींमध्ये असतात. एकीने कुकीज करायला घेतल्या आणि ओव्हनला ३५० हा आकडाच सापडेना, तो फॅरनहाइट असतो, म्हणजे आपले साधारण १७५.

आता मालिकांचा क्रम, इथे हमखास गडबड होते. रोमान्सच्या मालिकेत सहसा दर पुस्तकात जोडी नवी, त्यामुळे मधूनच उचललं तरी चालतं. ज्युलिया क्विनच्या 'ब्रिजर्टन' या रोमान्स-मालिकेची आठ पुस्तकं आठ भावंडांची आहेत. पण सिरीयल बघून पुस्तक मागणाऱ्यांना सांभाळा, कारण तिसऱ्या सीझनला कॉलिनची गोष्ट दाखवलीय आणि पुस्तकांत कॉलिन चौथा येतो, तिसरं पुस्तक बेनेडिक्टचं. "तिसरं दे" म्हटलं की विचारा, सीझनचं की पुस्तकाचं?

कोझीत उलट. शोधणारी तीच राहते, खून दर वेळी नवा. खुनासाठी क्रम लागत नाही, पण तिचं लग्न, नोकरी, भांडणं पुढे सरकत असतात आणि पाचवं आधी वाचलं की पहिल्या चारांतली गंमत गेली. 'थर्स्डे मर्डर क्लब' (२०२०) ही मालिका पहिल्यापासूनच वाचायची. ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेराच्या आणि मार्पलच्या गोष्टी कुठूनही चालतात, एक सोडून: 'कर्टन' (१९७५) ही प्वारोची शेवटची केस, ती शेवटीच.

तपासा: विकत घेण्याआधी हे पुस्तक दुसऱ्या नावाने घरात नाही ना? ख्रिस्तीची कितीतरी पुस्तकं अमेरिकेत वेगळ्या नावाने निघाली. '४.५० फ्रॉम पॅडिंग्टन' म्हणजेच 'व्हॉट मिसेस मॅगिलिकडी सॉ!', आणि 'लॉर्ड एजवेअर डाइज' म्हणजे 'थर्टीन अॅट डिनर'. रद्दीवाल्याकडून घेताना मी एकच गोष्ट दोनदा घेऊन आलेय आणि साठ पानं वाचेपर्यंत कळलं नव्हतं. मराठी अनुवादांचंही तसंच, नाव पार बदललेलं असतं, म्हणून सुरुवातीच्या पानावर मूळ नाव छापलेलं असतं ते बघायचं.

पायरी ३: समोरच्याला विचारा (इथेच सगळ्यात जास्त वेळ घालवा)

"तुला कुठली पुस्तकं आवडतात?" हा प्रश्न बाद. यावर माणूस घाबरून मोठी मोठी नावं सांगतो, जी त्याने बारावीत वाचली असतात नाहीतर वाचलेलीच नसतात. त्याऐवजी हे विचारा.

शेवटचं कुठलं पुस्तक पूर्ण केलंस? आवडलेलं नाही, पूर्ण केलेलं. उत्तर "चार वर्षांपूर्वी" असेल तर तुम्हाला लांबी कळली, दोनशे पानांच्या आतलं काहीतरी शोधा.

अर्धवट कुठलं सोडलंस आणि कुठे आल्यावर? माझ्या मते सगळ्यात कामाचं उत्तर हेच. "सुरुवातीलाच वीस माणसांची नावं आली" म्हणाली तर गावभर पात्रं असलेली कोझी नको. "दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, एका फोनवर मिटलं असतं" म्हणाली तर गैरसमजावर चाललेला रोमान्स तिला डोक्यात जाणार.

कधी आणि कुठे वाचणार? विरार लोकलमध्ये उभ्याने वाचणारीला छोटी प्रकरणं लागतात. रात्री झोपण्यापूर्वी वाचणाऱ्याला दर प्रकरणाच्या शेवटी धक्का देणारं पुस्तक देऊन त्याची सकाळ खराब करू नका. हॉस्पिटलात बसणाऱ्या माणसाला असं लागतं की मधे पाच वेळा उठलं तरी धागा सुटत नाही.

कशावर वाचणार? कागद, किंडल, की कानाने? स्वयंपाक करताना ऐकणाऱ्याला कोझी जपून द्या, कुणाची साक्ष काय होती हे मागे जाऊन शोधता येत नाही. रोमान्स छान चालतो.

काय अजिबात नको? हा प्रश्न सहज विचारायचा, चौकशी केल्यासारखा नाही. आणि दाराचा प्रश्न काकूंना कसा विचारायचा यावर मी बराच काळ अडले होते, आता एकच वाक्य वापरते.

"काकू, घरात उघडं टाकून उठता येईल असं हवंय का, की उशीखाली ठेवायचं चालेल?"

बहुतेक काकू हसतात. आणि तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त काकू उशीखालचं निवडतात, हे मी स्वतःच्या कार्डांवरून सांगतेय.

"मला रोमान्स नाही आवडत" म्हणणाऱ्यांना लगेच सोडून देऊ नका. रात्री साडेआठला कुठली सिरीयल बघता ते विचारा. कॉन्ट्रॅक्ट मॅरेज, नाटकापुरतं लग्न आणि मग खरं प्रेम, एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं एकाच ऑफिसात, हे सगळं रोज बघत असतात, फक्त त्याला रोमान्स म्हणत नाहीत. मग एवढंच विचारायचं की त्यात मजा कशात येते, भांडणात की मनवण्यात. भांडणात येत असेल तर आधी शत्रू मग प्रेम, मनवण्यात असेल तर तुटलेलं परत जुळणारं.

थांबा: कुणाचं नुकतंच कुणी गेलंय, घटस्फोट चाललाय, घरात मोठं आजारपण आहे, तर कार्डावरचा तिसरा मुद्दा काढल्याशिवाय तोंड उघडू नका.

पायरी ४: दोनच पुस्तकं निवडा

दहा नावं दिली की माणूस एकही घेत नाही, स्क्रीनशॉट काढतो आणि विसरतो. दोन द्या. एक बिनधोक, तिच्या उत्तरांशी अगदी जुळणारं. दुसरं अर्धं पाऊल पुढचं.

आमच्या सोसायटीत एक आजोबा आहेत, तरुणपणी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा एका बैठकीत संपवायचे. "खून" ऐकून मी त्यांना लगेच जाडजूड कोझी दिली आणि ती आठ दिवसांत परत आली, म्हणाले, "अहो, हे लोक केक खात बसतात, चोर कधी पकडणार?" बरोबर होतं त्यांचं. त्यांना वेग पाहिजे होता. मग मिस मार्पलच्या छोट्या गोष्टींचं 'द थर्टीन प्रॉब्लेम्स' (१९३२) दिलं, तेरा गोष्टी, एका चहात एक संपते, आणि त्यातून त्यांना मार्पलबाईंची गोडी लागली ती लागलीच.

आपल्याकडची जागा हवी असणारे खूप असतात. वसीम खानची इन्स्पेक्टर चोप्रा मालिका मुंबईत घडते, रिटायर झालेला इन्स्पेक्टर आणि त्याच्या गळ्यात पडलेलं हत्तीचं पिल्लू, बिनधोक खात्यात जमा. सुजाता मॅसीचं 'द विडोज ऑफ मलबार हिल' (२०१८) हे अर्धं पाऊल पुढचं. १९२१ ची मुंबई, परवीन मिस्त्री नावाची पारशी वकील, पडद्यातल्या तीन विधवांचा इस्टेटीचा प्रश्न. ही परवीन ज्यांच्यावरून सुचली त्यांतल्या कॉर्नेलिया सोराबजी १८६६ साली नाशिकला जन्मल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, हे सांगितलं की नाशिककर लगेच हात पुढे करतात. पण परवीनच्या स्वतःच्या मोडलेल्या लग्नाचा भाग बराच जड आहे, ते सांगूनच द्या.

कोझी म्हणून डोळे झाकून दिली जाणारी आणखी दोन. बोट्स्वानातल्या म्मा रामोत्स्वेंची (म्मा म्हणजे तिथलं 'बाई') 'नंबर वन लेडीज डिटेक्टिव्ह एजन्सी' (१९९८) खरंच मायेची आहे, बऱ्याच केसेसमध्ये खूनच नाही, पण पहिल्याच पुस्तकात मारणारा नवरा आहे, गेलेलं बाळ आहे आणि हरवलेल्या मुलाची एक केस आहे जी वाचताना पोटात कसंतरी होतं. आणि 'थर्स्डे मर्डर क्लब' धमाल आहे, केंटमधल्या वृद्धांच्या वसाहतीतले चार म्हातारे खून सोडवतात, पण एकीच्या नवऱ्याला डिमेन्शिया आहे आणि ते फार जवळून लिहिलंय. घरी तेच चालू असलेल्या माणसाला आधी विचारा. काहींना तेच हवं असतं, असंही मी पाहिलंय.

मुलांसाठी मागितलं तर मी इंग्रजी कोझीच्या वाटेला जातच नाही, फास्टर फेणे आहे, फेलूदा मराठीत आहे, काम होतं.

जुनी मिल्स अँड बून, फुटपाथवर मिळतात ती, देताना छापल्याचं साल बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी हिरोंना "नाही" हा शब्द कळत नाही, आजच्या मुलीला ते वाचून राग येतो. नव्या पुस्तकांत कव्हरवर उपप्रकार लिहिलेला असतो, मेडिकल म्हणजे डॉक्टर-नर्स, हिस्टॉरिकल म्हणजे जुना काळ, मॉडर्न म्हणजे श्रीमंत हिरो आणि दार उघडं. तेवढ्यावर निम्मी निवड होते.

पायरी ५: सांगायचं कसं

तीन वाक्यं, त्याहून जास्त नाही. पहिलं: कोण आणि कशात अडकलंय. दुसरं: तिने जे सांगितलं त्यातलं काय यात आहे. तिसरं: एक इशारा. गोष्टीचा पहिला चतुर्थांश संपतो तिथे तोंड बंद.

माझा एक मेसेज जसाच्या तसा: "मुंबईतला इन्स्पेक्टर रिटायर होतो त्याच दिवशी मामा वारशात हत्तीचं पिल्लू पाठवतात आणि एका पोराचा मृत्यू कुणी तपासत नाहीये. तुला लोकलमध्ये वाचायला हसवणारं हवं होतं, हे ते आहे. सुरुवात सावकाश आहे, तीस पानं धीर धर."

इथे दोन्ही प्रकारांचे नियम उलटेसुलटे आहेत आणि लोक नेमके उलटेच वापरतात. रोमान्सचा शेवट गोड आहे हे सांगणं म्हणजे गोष्ट फोडणं नाही, तो तर दिलेला शब्दच आहे, जरूर सांगा. कसे एकत्र आले ते सांगू नका. कोझीत शेवटाबद्दल एक अक्षर नाही. "शेवटी असा ट्विस्ट आहे ना!" हेसुद्धा नाही, कारण मग वाचणारा पहिल्या पानापासून लेखकावर संशय घेत बसतो. "नोकरावर लक्ष ठेव हं" म्हणणाऱ्यांशी मी बोलणं कमी केलंय.

तपासा: मेसेजमध्ये "तुला आवडेलच" आहे का? खोडा. नाही आवडलं तर ती बिचारी खोटं बोलणार आणि पुढच्या वेळी तुम्हाला विचारणार नाही.

पायरी ६: मग गप्प बसा

पुस्तक दिलं की दोन आठवडे "कुठपर्यंत आलीस?" बंद. त्या ऐवजी देतानाच सांगून टाका, पन्नास पानांत नाही जमलं तर परत दे, मला काही वाटणार नाही. किंडलवर असेल तर आधी फुकटचं सॅम्पल उतरवायला सांगा, परदेशातली मंडळी तिथल्या लायब्ररीच्या लिबी अॅपवरून घेतात, पैसे जात नाहीत म्हणून सोडायलाही जड जात नाही.

परत आल्यावर "कसं वाटलं?" विचारू नका, त्यावर "छान" हेच येतं. विचारा, "कुठे कंटाळलीस?" मिळालेलं उत्तर पुस्तकाच्या कार्डावर उतरवा, माणसाच्या नावासकट. माझ्याकडे एका पुस्तकाच्या कार्डावर चार वेगळ्या हातांतून आलेलं एकच वाक्य आहे, "मधे लांबतं." ते मला स्वतःला कधीच लांबलं नव्हतं. आता ते देताना तिसऱ्या वाक्यात मधे लांबतं असं सांगते, आणि गंमत म्हणजे तेव्हापासून ते परत आलेलं नाही, दोघी-तिघींच्या घरी फिरतंय.

न वाचता परत आलं तर कार्डावर तारीख टाका आणि सहा महिन्यांनी त्याच माणसाला एकदा परत विचारून बघा. आयसीयूबाहेर बसणारी ती मैत्रीण, वडील घरी आल्यावर, मिस मार्पल मागायला आली होती. मी आधी पाच प्रश्न विचारले. वैतागली, पण उत्तरं दिली.